बोर्डावर 'शासनमान्य' लिहिलंय, पण बाळ तिथं ठेवू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी जळगावला राहते, एमआयडीसीत एका चटईच्या कंपनीत अकाउंटला आहे, ऑफिस आणि प्लँट धरून आमच्याकडं ऐंशीएक लोक असतील. मुलगा तेरा महिन्यांचा आहे. आतापर्यंत सासूबाई आमच्याजवळ होत्या म्हणून सगळं निभलं, पण सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि चोपड्याकडं गावी केळीचं बघायला कोणी नाही, त्यामुळं पुढच्या महिन्यात त्या जाणार. मिस्टर भुसावळला रेल्वेत, शिफ्ट ड्युटी. कॉलनीतच एक काकू घरी पाळणाघर चालवतात, सहा मुलं आहेत, महिन्याचे साडेतीन हजार घेतात, बोर्डावर शासनमान्य लिहिलंय आणि हॉलमध्ये सर्टिफिकेट लावलंय. दुसरं एक नवीन डेकेअर आहे, एसी, रंगीत भिंती, मोबाईलवर सीसीटीव्ही दिसतो, सात हजार. नणंद म्हणते कशाला परक्याकडं, पोऱ्याला गावी पाठवून दे, शाळेत घालायच्या वेळी आण. लायसन्स खरं आहे का ते कसं बघायचं? आणि दोघांपैकी कोणतं घेऊ? मला रात्री झोप लागत नाही.
— एक आई, जळगाव

उत्तर: अगं, आधी त्या हॉलमधल्या सर्टिफिकेटचं बोलू, कारण तुझा अर्धा निर्णय तू त्याच्यावर टाकून बसलीयस असं तुझ्या पत्रावरून वाटतंय. एखादी बाई स्वतःच्या घरात पाच-सहा मुलं सांभाळते, अशा घरगुती पाळणाघराला कुणी अधिकारी येऊन घर बघून, मुलं मोजून, "इथं लहान मूल ठेवायला हरकत नाही" असं लिहून देतो असं वेगळं लायसन्स आपल्याकडं नाहीच. त्यामुळं भिंतीवर जे लावलेलं असतं ते दुसऱ्याच कशाचं तरी असतं. सगळ्यात जास्त दिसतं ते शॉप अॅक्टचं. २०१७ च्या नव्या कायद्यानंतर थोडीच माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन कळवायचं असतं, की मी अमुक पत्त्यावर अमुक व्यवसाय सुरू केलाय, आणि त्याची पावती निघते, कुणी बघायला येत नाही. दुसरं असतं उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचं, ते आधार नंबर टाकून आपणच भरायचं. मुलांना जेवण देत असतील तर एफएसएसएआयची नोंदणी असते, ती खाण्यापुरती. नाहीतर मग बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचं प्रमाणपत्र, किंवा एखाद्या महिला मंडळाच्या संस्थेची नोंदणी. हे कागद खरे असतात, काकू तुला फसवतायत असं मी मुळीच म्हणत नाही, बऱ्याच जणींना खरंच वाटतं की शॉप अॅक्ट निघालं म्हणजे सरकारची परवानगी मिळाली. पण त्यातला एकही कागद त्या घरात मूल सुरक्षित आहे का नाही हे सांगत नाही.

म्हणून सरळ विचार, की काकू हे शासनमान्य म्हणजे कुठल्या खात्याचं, जरा बघू का, आणि कागद हातात घेऊन वाच. कुठल्या कायद्याखाली दिलाय ते वरतीच छापलेलं असतं, पत्ता त्याच घराचा आहे का, नाव त्यांचंच आहे का, तारीख कधीची आहे एवढं बघ. त्या कशा उत्तर देतात तेही बघ. "हो गं, ते शॉप अॅक्टचं आहे, पोरानं काढून दिलं," असं कुणी मोकळेपणानं सांगितलं तर मला ती बाई आवडते. "एवढ्या आया आल्या, कुणी असलं विचारलं नाही," असं कुणी म्हटलं तर पुढं ज्या दिवशी तुझ्या बाळाला काही लागेल त्या दिवशीही तुला असंच उत्तर मिळणार हे धरून चाल.

जो कागद खरोखर मागावा तो वेगळाच आहे आणि तो भिंतीवर कधीच नसतो. पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी. तिचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ती काकूंची तर हवीच पण मदतीला येणाऱ्या बाईचीही, आणि त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची. हे मागताना तुला संकोच वाटेल, कॉलनीतलं घर आहे, रोज तोंडं बघायची, पण मागच. घरात कोण कोण राहतं हे आधी विचार: काका दिवसभर घरी असतात का, मोठा मुलगा आहे का, त्याचे मित्र येतात का, वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे का आणि त्याचा जायचा-यायचा जिना हॉलमधून आहे का. बाळाची शी-शू कोण काढतं, डायपर कोण बदलतं, कुठल्या खोलीत, तेव्हा दार उघडं असतं का. असं विचारलं म्हणजे कुणावर आळ घेतला असं होत नाही, ज्या बायका हे काम मनापासून करतात त्या स्वतःच सांगतात की आमच्याकडं मुलांच्या खोलीत घरातले पुरुष येत नाहीत आणि शी-शूचं मीच बघते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, मुलावर काही झालं असं कळलं आणि तरी पोलिसांना कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे, आणि हे पाळणाघर चालवणाऱ्या बाईला माहीत असायला हवं.

आता मुलांचा हिशोब. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान नियम काढले, ते कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी होते पण त्यातला आकडा आपल्याला उपयोगी पडतो: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं निदान एक शिकवलेली बाई. मला स्वतःला दहा फार वाटतात. अंगणवाडीच्या कामात माझी बरीच वर्षं धुळे-नंदुरबारकडं गेली, आणि मी जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून सांगते, चालायला शिकलेली पण न कळणारी, म्हणजे एक ते दोन वर्षांची पोरं एका बाईला तीन, फार तर चार सांभाळता येतात, त्याच्या पुढं तिला एकाचं ढुंगण धुवायला आत जावं लागलं की बाकीची पोरं वाऱ्यावर. काकूंकडं सहा आहेत म्हणतेस, तुझं सातवं. त्या सहांची वयं विचार. त्यातली तीन शाळेतून दुपारी येणारी मोठी असतील तर गोष्ट वेगळी, सहाच्या सहा दोन वर्षांच्या आतली असतील तर काकू कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना दोनच हात आहेत. आणि मदतनीस आहे म्हणतात ती पूर्ण वेळ असते की भांडी घासायला येणारीलाच मदतनीस म्हणतात, हेही विचारून घे.

हे सगळं विचारून कळतं त्यापेक्षा जास्त बघून कळतं, आणि बघायची वेळ दुपारची. सकाळी दहाला गेलीस तर सगळी पोरं अंघोळ-पावडर करून बसलेली असतात, घर झाडलेलं असतं. दुपारी दीड-दोनला न सांगता जा, काहीतरी निमित्त काढून, जेवणं होत आलेली असतात, निम्मी पोरं झोपेला आलेली, निम्मी किरकिरी, आणि सांभाळणारी बाई दमलेली, तेव्हा ती कशी बोलते, कशी उचलते ते बघायचं. अमळनेरला मी अशाच एका घरी दुपारी गेले होते. साधं घर, शहाबादी फरशी, खेळणी म्हणजे वाट्या-चमचे आणि एक तुटकी बस. दीडेक वर्षाचा एक पोऱ्या ओट्याच्या पायरीवरून पडला, ओठ फुटला, आणि तो उठून थेट त्या बाईकडं पळाला, मांडीत डोकं खुपसलं. ती दुसऱ्या पोरीला वरण-भात भरवत होती, तिनं तो हात थांबवला नाही, डाव्या हातानं त्याला जवळ ओढला, "बघू दे रे राजा," म्हणून ओठ बघितला, मग उठून पाण्यानं धुतला, फडक्यात बर्फ धरला, तो गप्प झाल्यावर शेल्फवरनं एक शाळेची शंभरपानी वही काढली आणि लिहिलं: पावणेदोन, पायरीवरून पडला, वरचा ओठ, रक्त थोडं, बर्फ लावला, आईला फोन केला. मी ती वही मागून बघितली. प्रत्येक मुलाचं वेगळं पान, दूध किती, शी पातळ की बांधून, किती वाजता झोपला, रात्री जागला होता असं आईनं सकाळी सांगितलेलं तेही. तिच्या भिंतीवर एकही फ्रेम नव्हती. पडलेलं मूल कुणाकडं पळतं हे बघ, आपलं मूल नवीन माणसाला फसेल पण तिथं महिनोन्महिने राहणारी मुलं खोटं वागू शकत नाहीत, त्यांना ती बाई आपली वाटत असेल तर ती तिच्या अंगावर चढतील, आणि भीती वाटत असेल तर ती खोलीत आली की गप्प होतील. फार गप्प, फार शिस्तीत बसलेली दीड-दोन वर्षांची पोरं दिसली तर मला तरी पोटात खड्डा पडतो.

घर बघताना आपल्याकडच्या घरांतल्या दोन गोष्टींवर बारकाईनं नजर टाक, कारण सीसीटीव्ही-बीसीटीव्ही नंतर, मुलं जिवानिशी जातात ती या दोन गोष्टींनी. एक पाणी. आपल्याकडं नळ रोज येत नाही, कुठं एक दिवसाआड, कुठं त्याहून उशिरा, त्यामुळं प्रत्येक घरात ड्रम, टाकी, हौद, बादल्या, पातेली सगळं काठोकाठ भरून ठेवलेलं असतं. तेरा महिन्यांचं मूल बादलीला धरून उभं राहतं, आत वाकतं, डोकं जड असतं त्यामुळं तोल आत जातो आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, चार बोटं पाणीसुद्धा पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही, बाजूच्या खोलीत टीव्ही चालू असला तर कुणाला कळतही नाही. तेव्हा बाथरूमला बाहेरून वरती कडी आहे का आणि ती लावलेली असते का, अंगणातल्या जमिनीतल्या टाकीचं झाकण कसलं आहे, लोखंडी जड की पत्र्याचा तुकडा नि वर वीट, मोरीतली बादली भरलेली आहे का, हे जाऊन बघ. नळ येण्याचा दिवस कोणता ते विचार आणि त्या दिवशी जा. पाणी भरायच्या घाईत घरातल्या सगळ्यांचं लक्ष मोटारीकडं असतं.

दुसरं ऊन आणि कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो हे तुला मी काय सांगू. मुलं कुठल्या खोलीत असतात, वरती स्लॅब आहे की पत्रे, वरच्या मजल्याची स्लॅबची खोलीसुद्धा दुपारी भट्टी होते, लाइट गेली तर पंखा तरी चालेल असं इन्व्हर्टर आहे का. आणि लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर तो मुलांच्या हाताला येईल असा नको, वायर जमिनीवर ओल्यात पडलेली नको, अर्थिंग बरोबर हवं, कूलरचा करंट लागून दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असतेच. काकूंना स्पष्ट म्हण, की काकू एकदा इलेक्ट्रिशियन बोलावून बघून घ्या, पैसे मी देते. खालच्या प्लगला झाकणं, जिन्याला फाटक, गच्चीचं दार बंद. अंगण असेल आणि कोपऱ्यात विटा-लाकडं रचून ठेवलेली असतील तर ती हलवायला सांग, विंचू असल्या ढिगातच असतो आणि एवढ्या लहान जिवाला विंचू चावणं फार वाईट.

झोपायचं बघ. आपल्याकडं साडीची झोयी, म्हणजे झोळी, बांधायची पद्धत आहे, मुलं शांत झोपतात, मला झोयीचा राग नाही, पण वर्षाचं मूल झोयीत उभं राहायला बघतं, बाहेर पडायला बघतं आणि कापड गळ्याला येतं, तेव्हा झोयी असेल तर समोर माणूस बसलेलं हवं. नाहीतर जमिनीवर गादी, तीच बरी. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवून टाकणं नको.

आणि औषध. ही एक गोष्ट तू कितीही वेळा सांगितलीस तरी चालेल. पोरं दुपारी झोपावी म्हणून सर्दीचं सिरप चमचाभर पाजणाऱ्या बायका असतात, सगळ्या नाहीत पण असतात, ते पाजलं की मूल गुंगतं. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या विषारी सिरपनं किती लेकरं गेली ते तू वाचलंच असशील, आणि त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत. तेव्हा नियम असा ठेव, की मला फोन केल्याशिवाय एक थेंब औषध नाही, ग्राइप वॉटर नाही, घुटी नाही, काही नाही. डॉक्टरनं काही दिलं असेल तर बाटलीवर मुलाचं नाव आणि मात्रा लिहून तू स्वतः देशील. घरी आल्यावर तो रोजच्या रोज सुस्त असेल, संध्याकाळी हाक मारली तरी डोळे उघडत नसतील, तर त्याला "खेळून दमला" म्हणून सोडून देऊ नकोस.

खाण्याचं मी थोडक्यात सांगते, खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, केळं, एवढं तुझ्या डब्यातनं दे, त्यांच्या घरचं तिखट नको, आणि शेंगदाणे-फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, चॉकलेटच्या गोळ्या त्या घरात मुलांच्या हाताला लागतील अशा नकोत, मोठी पोरं खातात आणि लहानाच्या तोंडात घालतात, तेव्हा मोठ्यांच्या डब्यांकडंही लक्ष हवं. लसींची कार्डं सगळ्या मुलांची बघतात का विचार, आणि ताप असलेलं मूल घेतात का. घेत असतील तर तुझं पोरही आठवड्याला आजारी पडणार.

आता तुझं ते रंगीत भिंतींचं डेकेअर. एसी आहे ते चांगलंच आहे, मी पैशाला नावं ठेवणार नाही. पण कॅमेऱ्यामुळं मूल सुरक्षित राहतं ही समजूत काढून टाक. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, ती सगळी कॅमेऱ्यात रेकॉर्ड होत होती, पण बाळाला लागलेलं आईबापांच्या लक्षात आलं आणि मग फुटेज बघितलं गेलं. कॅमेरा नंतर पुरावा देतो, त्या क्षणी हात धरत नाही. तू व्हाउचर टाकता टाकता दिवसातून किती वेळा मोबाईल बघणार? विचार हे, की कॅमेरे झोपायच्या खोलीत आणि डायपर बदलायच्या जागी आहेत की फक्त हॉलमध्ये, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात, आईनं मागितलं तर दाखवतात का, आणि ती लिंक आणखी कुणाकुणाकडं आहे, कारण तुझ्या बाळाचं अंघोळीचं चित्र पन्नास अनोळखी मोबाईलवर जायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलींना पगार किती आणि त्या टिकतात का. दर दोन महिन्यांनी नवीन मुलगी असेल तर बाळाला दर दोन महिन्यांनी नवीन माणसाची सवय करावी लागते, ते त्याच्यासाठी फार जड आहे. तिथंही दुपारी दोनलाच जा. "पालकांना आत सोडत नाही, गेटवरून घ्या," असा नियम असेल तर माझ्याकडून त्या जागेला नाही. आईला कुठल्याही वेळी, न सांगता, आत येता आलं पाहिजे, मग ते घर असो की एसी डेकेअर.

नणंदेचं मत तिनं प्रेमानंच दिलं असणार, पण मी तुझ्या जागी असते तर पोराला गावी ठेवलं नसतं. तेरा महिन्यांच्या मुलाला तू आणि रोजचं घर एवढंच जग कळतं, दोन-अडीच वर्षं आई आठवड्यानं भेटणार हे त्याला ओझंच आहे, आणि तुलाही. शिवाय सासूबाईंवर सासऱ्यांचं दुखणं, केळी आणि वर हे पळतं पोर, त्यांच्या वयाला ते झेपणार आहे का याचा कुणी विचार केलाय असं वाटत नाही. त्यांच्याकडून वेगळी मदत माग. त्या अजून महिनाभर आहेत ना, मग पाळणाघर आत्ताच, त्या असतानाच सुरू कर. पहिले दोन-तीन दिवस तू किंवा त्या बाळाजवळ तिथंच बसा, मग अर्धा तास सोडून बाहेर जा, मग जेवणापर्यंत, मग झोप तिथं. हळूहळू. जाताना लपून जाऊ नकोस, सांगून जा, तो रडेल, रडू दे, सांगून गेलेली आई परत येते हे त्याला कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि सासूबाईंना मधेच कधीही तिकडं डोकवायला पाठव, म्हाताऱ्या बाईच्या नजरेला जे दिसतं ते तुला-मला दिसत नाही.

सोडताना रडणं म्हणजे काही वाईट नाही हे लक्षात ठेव, नाहीतर रोज सकाळी तुझा जीव जाईल. काळजी कशाची करायची ते सांगते. चालायला शिकणारं मूल पडतं, कपाळाला, गुडघ्याला, नडगीला लागणारच. पण कानावर, मानेवर, गालावर, पोटा-पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला निळं-काळं दिसलं, किंवा डायपर बदलताना एकदम घाबरायला लागला, किंवा काकूंच्या घराच्या गल्लीत वळलीस की अंग चोरायला लागला आणि हे अंग चोरणं चार दिवसांत गेलं नाही, तर "कशानं झालं?" एवढंच शांतपणे विचार आणि त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरला दाखव. लोक काय म्हणतील हे मनात आणू नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, चोवीस तास, मोफत, आणि पोलिसांसाठी ११२. अॅम्ब्युलन्सचा १०८ काकूंच्या फ्रिजवर तुझ्या नि मिस्टरांच्या नंबराखाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटव, जवळच्या मुलांच्या डॉक्टरचं नावही. मिस्टर शिफ्टला असतात तेव्हा बाळाला घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो काकूंना देऊन ठेव, त्यांच्याशिवाय कुणी आलं, अगदी "मी मामा आहे" म्हणत आलं, तरी द्यायचं नाही.

पैशाचं आणि सुट्ट्यांचं एका कागदावर लिहून दोघींनी सही करा, भांडण नको म्हणून. फी कधी, उशीर झाला तर किती, नोटीस किती दिवसांची. आणि आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, आत्ताच विचार. आपल्याकडं आखाजीला बाई माहेरी जाणारच, काकूंची मुलगीही येणार, घर पाहुण्यांनी भरणार, श्रावणात कानबाईचा सण, मधे लगीनसराई, त्या दिवसांत मुलं कोण बघतं? "आम्ही बंद ठेवतो, महिनाभर आधी सांगतो," हे चांगलं उत्तर आहे. "शेजारची बघते," हे नाही.

तुझ्या पत्रावरून मला काकू बऱ्या वाटतायत, मुख्यतः कॉलनीत आहेत म्हणून, तू जेवणाच्या सुट्टीत नाही पण सुट्टीच्या दिवशी, आजारी असताना, कधीही पाच मिनिटांत डोकावू शकतेस, आणि बाकी आयाही ओळखीच्या असणार. सध्या मूल ठेवणारीपेक्षा ज्या आईनं तिथून मूल काढलं तिला गाठ, तिनं का काढलं ते विचार. दुपारची भेट चांगली गेली, पाण्याचं नि कूलरचं ऐकलं, आणि दोन वर्षांखालची मुलं चाराच्या पुढं गेली नाहीत तर तिथं ठेव. यातलं एक जरी जमलं नाही तर डेकेअर बघ, तेही याच तपासणीनं. बालविकास प्रकल्प कार्यालयातही एकदा जाऊन ये, केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत पाळणा नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर, सगळीकडं नाहीये पण तुझ्या भागात आहे का ते तिथं कळेल.

आणि एक तू पत्रात सहज लिहून गेलीस, ऐंशीएक लोक. मॅटर्निटी बेनिफिटच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हा रजा २६ आठवड्यांची झाली हे सगळ्यांना माहीत आहे पण त्याच दुरुस्तीत हेही आलं, की ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मालकानं करायची, पुरुष-बायका सगळे मोजून ५०, स्वतःची नाहीतर दुसऱ्यांबरोबर मिळून सामायिक, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यायचं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आलीय, पण पाळणाघराची ही तरतूद तिच्यातही आहे. एमआयडीसीत तुमच्याच रांगेतल्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक खोली काढली तरी चालतं. एकटी जाऊ नकोस, ऑफिसातल्या नि प्लँटमधल्या लहान मुलं असलेल्या बायका बरोबर घे, बापांनाही घे, अर्ज लेखी द्या, कायद्याचं नाव लिहा, आणि पोच घेऊन ठेवा.